झोटेरो, मेंडेली, एंडनोट की बिबटेक? पेपर पाठवण्याआधीची निवड

पुण्यात पाषाणच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचा पेपर लिहिणारी विद्यार्थिनी असो किंवा गणेशखिंडीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेत दीर्घिकांवर काम करणारा विद्यार्थी, संदर्भसूची दोघांनाही करायचीच आहे. झोटेरो, मेंडेली, एंडनोट आणि बिबटेक ही संदर्भांच्या नोंदी साठवून यादी आपोआप बनवणारी साधनं. पण दोघांना एकच साधन सुचवणं चुकीचं ठरेल. मसुदा कशात लिहिला जाणार आणि गाईड व सहलेखक दुरुस्त्या कशात करणार, हे आधी विचारून घ्या. सर वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस लावून फाइल परत पाठवत असतील, तर लेटेकचा (आज्ञा लिहून मजकूर जुळवायच्या प्रणालीचा, बिबटेक तिच्यासोबतच चालतं) हट्ट धरून आपलीच पंचाईत होते.

वर्डमध्ये लिहिणाऱ्या बहुतेकांनी सरळ झोटेरो घ्यावं. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि वर्डबरोबर लिब्रेऑफिस व गूगल डॉक्समध्येही सायटेशन, म्हणजे मजकुरातला संदर्भ, टाकता येतं. डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक) किंवा पबमेड या वैद्यकीय सूचीतला क्रमांक दिला की नोंद तयार होते. लायब्ररीतला, म्हणजे आपण जमवलेल्या नोंदींतला, एखादा पेपर मागे घेतला गेला असेल तर तशी सूचनाही दिसते. ही सोय फार कमी जण वापरतात. मोफत साठा ३०० एमबी, म्हणजे पीडीएफ ठेवायला अगदी तोकडा. पण ही मर्यादा फक्त फाइल्सना आहे, नोंदींना नाही. तेव्हा फाइल सिंक बंद ठेवून नुसत्या नोंदी सिंक करा, पैसे भरायची गरज पडत नाही.

झोटेरोत खरी अडचण येते ती फाइल एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना. वर्डमधला मसुदा कुणी सहज गूगल डॉक्समध्ये उघडून सेव्ह केला की सायटेशन्सचा लायब्ररीशी असलेला दुवा तुटतो आणि उरतो साधा मजकूर. फाइल हलवायचीच असेल तर डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमधला वर्ड प्रोसेसर बदलण्याचा पर्याय आधी वापरा. दोघातिघांचा पेपर असेल तर पहिल्या दिवशीच ग्रुप लायब्ररी करा आणि सगळ्यांनी तिथूनच सायटेशन टाका.

मेंडेलीत २ जीबी साठा मोफत मिळतो, दिसायलाही नीटनेटकं आहे. पण २०१३पासून ते एल्सव्हिअरच्या मालकीचं आहे आणि जुनं मेंडेली डेस्कटॉप २०२२च्या सप्टेंबरपासून नव्याने डाउनलोड करता येत नाही. आताचं मेंडेली साइट (वर्डमध्ये सायटेशन टाकणारं त्याचं जोडसाधन) वर्ड २०१६ किंवा त्यापुढच्या आवृत्तीतच चालतं. लिब्रेऑफिसवाल्यांना त्याचा उपयोग नाही. आधीपासून लायब्ररी तिथे असेल आणि काम अडत नसेल तर राहू द्या. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ते निवडावं असं काही कारण दिसत नाही. जर्नलच्या स्टाइल्स झोटेरो आणि मेंडेली दोघंही सीएसएल याच (संदर्भ कसे छापायचे ते लिहून ठेवायच्या) पद्धतीतल्या वापरतात, त्यामुळे छापून येणाऱ्या यादीत फारसा फरक पडत नाही.

एंडनोट विकत घ्यावं लागतं. संस्थेकडे परवाना नसेल तर स्वतःच्या फेलोशिपमधून त्यावर खर्च करू नये, याला एकच अपवाद: रसायनशास्त्र. काही रसायन जर्नल्समध्ये एकाच क्रमांकाखाली अ, ब, क असे तीन-चार संदर्भ एकत्र द्यायचे असतात. सीएसएलमध्ये याची सोयच नाही, त्यामुळे झोटेरो-मेंडेलीत शेवटी हाताने जोडाजोड करावी लागते आणि पुढच्या अपडेटला ती पुसली जाते. एंडनोटमध्ये हे जमतं. लेटेकमध्येही रसायनशास्त्रासाठीच्या अकेम्सो पॅकेजने जमतं. एंडनोट घेतलंच तर दोन पथ्यं पाळा. ईएनएल फाइल (लायब्ररीची मुख्य फाइल) आणि त्याच नावाचं डेटा फोल्डर कायम एकत्र हलवा. आणि चालू लायब्ररी ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, सिंक होताना ती बिघडते. तिथे बॅकअपची झिप ठेवली तर चालेल.

भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र, गणितवाल्यांना बिबटेकशिवाय गत्यंतर नाही, आणि त्यांनी दुसरा पर्याय शोधूही नये. नोंदी झोटेरोत ठेवून बेटर बिबटेक या प्लगइनने बिब फाइल (बिबटेकची नोंदींची फाइल) आपोआप ताजी ठेवता येते. नासाच्या एडीएस या खगोलशास्त्राच्या पेपरसूचीवरून घेतलेल्या नोंदींत जर्नलचं पूर्ण नाव नसतं, उलटी तिरकी रेघ आणि संक्षेप असतो. जर्नलच्या टेम्प्लेटमध्ये ते संक्षेप ठरवून दिलेले नसतील तर कंपाइल करताना, म्हणजे मसुद्याची पीडीएफ बनवताना, ‘अनडिफाइन्ड कंट्रोल सिक्वेन्स’ येतं. दोष बिब फाइलचा नसतो. बिबटेकच्या बऱ्याच स्टाइल्स शीर्षकातली मोठी अक्षरं लहान करतात, म्हणून डीएनए किंवा रामनसारखे शब्द महिरपी कंसात घाला. बिबलेटेक (बिबटेकऐवजी वापरायचं लेटेकचं पॅकेज) वापरण्याआधी जर्नलच्या सूचना वाचा, कित्येक ठिकाणी ते स्वीकारत नाहीत.

साधन कुठलंही असो, यादीतल्या बहुतेक चुका नोंदींतूनच येतात. गूगल स्कॉलरवरून घेतलेल्या बिबटेक नोंदीत डीओआय नसतो आणि लेखकांची यादी मध्येच तोडलेली असू शकते. नोंद प्रकाशकाच्या पानावरून किंवा डीओआय टाकून घ्या. शीर्षकं वाक्यासारखी, म्हणजे पहिलं अक्षर आणि विशेषनामं सोडून लहान लिपीत साठवा. मोठी अक्षरं करणं प्रोग्रॅमला जमतं, उलटं धड जमत नाही. वनस्पतींची शास्त्रीय नावं तिरक्या ठशात आणि रेणुसूत्रांतले आकडे खाली हवे असतील तर झोटेरोच्या शीर्षकाच्या रकान्यातच तसे टॅग द्यावे लागतात.

आपल्याकडची खास डोकेदुखी आडनावांची. देशपांडे, कुलकर्णी, जोशी यांचे पेपर प्रत्येक लायब्ररीत ढीगभर. एपीए पद्धतीत (मजकुरात लेखक आणि वर्ष देतात ती) एकाच आडनावाचे दोन वेगळे पहिले लेखक आले तर मजकुरातही आद्याक्षरं द्यावी लागतात. एकाच लेखिकेचं नाव एका नोंदीत आद्याक्षरांनी आणि दुसरीत पूर्ण असेल, तर प्रोग्रॅम त्यांना दोन व्यक्ती समजतो आणि मधेच कुठेतरी ‘एस. जोशी’ उगवतं. स्टाइल बदलून हे जात नाही, नोंदी एकसारख्या कराव्या लागतात. किती लेखक लिहायचे तेही पद्धतीवर ठरतं: व्हँकूव्हर या क्रमांकांच्या पद्धतीत पहिले ६ आणि मग ‘एट अल.’ (आणि इतर), एपीएच्या सातव्या आवृत्तीत २०पर्यंत सगळे. हे काम स्टाइल करते, म्हणून लेखकाच्या रकान्यात ‘एट अल.’ स्वतः टाइप करू नका. ते एखाद्याचं आडनाव म्हणून छापलं जातं.

जर्नलच्या नावांचे संक्षेप झोटेरोत मेडलाइन या वैद्यकीय सूचीच्या यादीवरून आपोआप येऊ शकतात, एंडनोटमध्ये विषयवार टर्म लिस्ट (संक्षेपांची यादी) आयात करावी लागते, बिबटेकमध्ये जे लिहाल तेच उमटतं. एका शब्दाच्या नावाचा संक्षेप होत नाही: करंट सायन्सचं ‘कर. साय.’ होतं, नेचर तसंच राहतं.

एल्सव्हिअरच्या बऱ्याच जर्नल्समध्ये पहिल्या सबमिशनला कुठलीही सुसंगत पद्धत चालते, त्यामुळे तिथे पहिल्याच फेरीत स्वल्पविरामांवर रात्री जागवू नयेत. पाठवताना मूळ फाइलची प्रत काढा आणि फक्त त्या प्रतीतल्या सायटेशन्सचा दुवा तोडून साधा मजकूर करा. मूळ फाइल तशीच जपा. रिव्ह्यूअरने चार संदर्भ वाढवायला सांगितले की क्रमांक सरकवायचं काम तीच करणार आहे. प्रत काढण्याआधी मसुद्यात कुणी हाताने चौकटी कंसात आकडा टाइप केलाय का, ते शोधा: वर्डमध्ये ऑल्ट आणि एफ९ दाबलं की झोटेरो किंवा एंडनोटने टाकलेल्या खऱ्या सायटेशनच्या जागी फील्डचा कोड दिसतो, हाताने लिहिलेला आकडा आकडाच राहतो.