चष्मा लावून दुर्बीण: निकॉन मोनार्क एम७ ८×४२

दुर्बीण घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला: "किती एक्स?", म्हणजे किती पट मोठं दिसतं? ८×४२ मधला पहिला आकडा तोच. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. मला चष्मा आहे, त्यात सिलिंडरचा, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईसाठीचा, नंबर आहे आणि मी पक्षी बघते. निकॉनची मोनार्क एम७ ८×४२ मला आवडली ती ८ या आकड्यामुळे नाही, तर तिच्या माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरात छापलेल्या १७.१ मिलिमीटरमुळे.

हे आहे आय रिलीफ. म्हणजे आयपीसच्या (डोळ्याला लावायच्या टोकाच्या) भिंगापासून डोळा किती अंतरावर असला की अख्खं चित्र दिसतं, ते अंतर. नुसता मायनस किंवा प्लस नंबर असेल तर तो दुर्बिणीच्या फोकसमध्ये बहुधा भरून निघतो, चष्मा काढून बघता येतं. सिलिंडर भरून निघत नाही. माझ्यासारख्यांना चष्मा डोळ्यांवर ठेवूनच बघावं लागतं आणि काच मध्ये आल्यामुळे डोळा मागे राहतो. आय रिलीफ अपुरं असेल तर चित्राचा मधलाच भाग दिसतो, कडा गायब. साधारण १५ मिलिमीटरच्या खाली चष्मेवाल्यांनी जाऊच नये. पण नुसत्या आकड्यावरही विसंबू नका. हे अंतर भिंगापासून मोजलेलं असतं आणि भिंग जर आयकपच्या, म्हणजे आयपीसभोवतीच्या फिरत्या कड्याच्या, कडेपासून आत बसवलेलं असेल, तर त्यातले काही मिलिमीटर तिथेच खर्च होतात. म्हणून आपला रोजचा चष्मा घालून, आयकप पूर्ण खाली फिरवून बघायचं. चित्राभोवतीची काळी गोल कड चहूबाजूंनी स्पष्ट दिसली तर दुर्बीण तुमची. एम७ मध्ये मला ती दिसते.

आता ८ की १०? याच मालिकेत १०×४२ आहे आणि पुष्कळ जण तिच्याकडे ओढले जातात. पक्षी मोठा दिसतो हे खरं, पण हाताची थरथरही तितकीच मोठी होते. शिवाय दिसण्याचा पट्टा आक्रसतो. ८×४२ मध्ये हजार मीटरवर १४५ मीटर रुंदीचं दृश्य मावतं, १०×४२ मध्ये साधारण १२१. कागदावर हा फरक किरकोळ वाटेल. पाकोळी डोक्यावरून सुसाट जात असते किंवा दाट पानोऱ्यात एखादा चिमुकला पक्षी सेकंदभर हलतो, तेव्हा हाच फरक पक्षी सापडणं आणि न सापडणं यातला असतो. पक्षी दिसलाच नाही तर तो दहापट मोठा करून काय उपयोग?

मोनार्क एम५ ८×४२ चाही विचार जरूर करा. तिचं आय रिलीफ १९.५ मिलिमीटर, म्हणजे चष्म्याला आणखी ऐसपैस. पण तिचा दृश्यकोन, म्हणजे दिसण्याचा पट्टा अंशांत, ६.४ आणि एम७ चा ८.३. एक मिळवायचं तर दुसरं थोडं सोडावं लागतं. चष्म्याची काच डोळ्यांपासून लांब बसत असेल, तर मी एम५ सुचवेन.

दुसरा आकडा ४२, म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. त्याला ८ ने भागलं की ५.२५ येतात. आयपीसमधून डोळ्याकडे येणारी प्रकाशाची चकती एवढ्या व्यासाची असते. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दुपारी ८×२५ चं छोटं खेळणंही झकास चालतं. खरी परीक्षा तांबडं फुटताना आणि दिवस मावळताना होते, बाहुली मोठी झालेली असते तेव्हा. पक्ष्यांची गडबड तेव्हाच जास्त असते, म्हणून मी ४२ वर ठाम आहे. ही चकती तुम्ही स्वतः बघू शकता: दुर्बीण हातभर लांब धरा आणि उजळ आकाशाकडे रोखा. दोन्ही आयपीसमध्ये प्रकाशाचे स्वच्छ गोल ठिपके दिसायला हवेत. कडा कापल्यासारख्या, चौकोनी दिसल्या तर आतल्या प्रिझममध्ये प्रकाश अडतोय. एम७ चे ठिपके गोल आहेत.

कोटिंगबद्दल, म्हणजे प्रकाश वाया जाऊ न देणाऱ्या पातळ थरांबद्दल, थोडक्यात: सगळ्या भिंगांवर, सगळ्या पृष्ठभागांवर बहुस्तरीय कोटिंग आहे का, एवढंच विचारा. सरळ नळ्यांच्या, म्हणजे रूफ प्रिझमच्या दुर्बिणीत प्रिझमवर फेज कोटिंग नावाचा आणखी एक थरही हवा, नाहीतर बारीक तपशील धुरकट होतात. एम७ मध्ये दोन्ही आहेत, आत नायट्रोजन भरून ती हवाबंद केलेली आहे, पावसाची भीती नाही.

हातात आल्यावर पहिलं काम डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक, जुळवण्याचं. बहुतेक जण हे करतच नाहीत आणि मग डोकं दुखतं म्हणून दुर्बिणीला नावं ठेवतात. उजवा डोळा झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर लांबची पाटी स्पष्ट करायची. मग डावा झाकायचा, चाकाला हात न लावता उजव्या आयपीसजवळची कडी फिरवून तीच पाटी पुन्हा स्पष्ट करायची. एम७ मध्ये ही कडी लॉक होते. पिशवीत दुर्बीण इकडेतिकडे आपटली तरी जुळवणी हलत नाही, ही सोय मला फार मोलाची वाटते.

वजन ६७० ग्रॅम. सकाळभर गळ्यात अडकवली तर मान बोलते, म्हणून खांद्यांवर भार घेणारा पट्टा घ्या. मुख्यतः आकाशातले तारे बघायचे असतील तर ही नको, १०×५० आणि तिकाटणं घ्या. फुलपाखरं बघणाऱ्यांनी जवळात जवळ फोकस किती होतो ते आधी तपासा. एम७ चा २.५ मीटर आहे. पायाजवळच्या फुलावर बसलेल्या फुलपाखरासाठी दोन पावलं मागे सरावं लागतं आणि तेवढ्यात ते उडून जाऊ शकतं. ज्यांचं सगळं लक्ष फुलपाखरांवरच आहे, त्यांनी दोन मीटरच्या आत फोकस होणारी दुर्बीण शोधावी.