खंडांचा चुंबकी संच: घ्या, पण निळा खडू जवळ ठेवा

खंड सरकले तसं हवामान कसं बदललं, हे शिकवणीच्या पोरांना दाखवायला खजुरी बाजारातून हा संच घेतला, साडेसहाशेला. पत्र्याचा फळा, त्यावर चिकटणारे खंडांचे रबरी तुकडे आणि वेगवेगळ्या कालखंडांचे छापील नकाशे. चुंबक पक्कं आहे, फळा भिंतीला टांगला तरी आफ्रिका घसरत नाही. भारत मात्र बिस्किटाच्या चुऱ्याएवढा. तो हरवणार हे धरूनच चाला.

जुळणी झकास. ब्राझीलचा फुगवटा गिनीच्या आखातात चपखल बसतो, म्हणजे खंड एकेकाळी जोडलेले होते आणि मग सरकत गेले, हे १९१२ मध्ये शास्त्रज्ञ वेगेनर म्हणत होता ते न सांगता कळतं. पॅन्जिया, म्हणजे सगळे खंड जोडलेला जुना महाखंड, पुरा लावला की पोरं स्वतःच विचारतात, सर, एवढ्या आत पाऊस पोचायचा कसा? पोचतच नव्हता फारसा. आतला मोठा भाग रखरखीत होता.

अडचण ही की संचाला जमीन कळते, पाणी कळत नाही. आणि हवामानाचा खेळ तर दोन तुकड्यांमधल्या फटीत चालतो. दक्षिण अमेरिकेचं टोक अंटार्क्टिकापासून सोडवा, बोटभर फट पडते. हीच ड्रेक सामुद्रधुनी. ऑस्ट्रेलियाही वर सरकवा, की अंटार्क्टिकाला गोल वळसा घालणाऱ्या, उत्तरेचं उबदार पाणी अडवणाऱ्या प्रवाहाची वाट मोकळी. मी तो निळ्या खडूनं काढतो, फळ्यावर उमटतो. साधारण ३.४ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर बर्फाचा मोठा थर चढला. सोबतचं माहितीपत्रक त्याचं सगळं श्रेय या फटींना देऊन मोकळं होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइडही तेव्हा घटत होता आणि बरेच शास्त्रज्ञ तेच मुख्य कारण धरतात, त्याबद्दल अवाक्षर नाही. मुलांच्या हाती देताना हे चालायचं नाही.

पनामाची पट्टी दिलेलीच नाही! दोन्ही अमेरिका कितीही जवळ आणा, मध्ये समुद्र उरतो. ती पट्टी सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पुरी जुळली आणि तिथं अटलांटिक-पॅसिफिकचं पाणी एकमेकांत मिसळणं थांबलं. मी लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून लावलाय.

भारताचा प्रवास चांगला दाखवलाय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा लाल रंगात आहे, आपल्या माळव्याची काळी माती त्याच खडकाची. मग आशियाला धडक, हिमालय. उंच डोंगरांचा खडक झिजताना हवेतला कार्बन खातो, एवढं मात्र तोंडी सांगावं लागतं.

पत्रक फक्त इंग्रजीत. दुकानदार म्हणाला, "माट्साब, हिंदीवाला भी आएगा." मराठीचं विचारलं तर हसला. पाचपैकी साडेतीन.