कलादालनातील सहा आठवडे आणि ‘अज्ञात’चा रकाना

सोलापुरातील एका शिक्षणसंस्थेच्या कलादालनात उन्हाळ्याच्या सुट्टीत काही विद्यार्थ्यांना सहा आठवडे संग्रहाच्या कामावर घेतात. यंदा एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मी हे काम केले. पुढच्या वर्षी अर्ज करावा की नाही, असे वर्गातल्या अनेकांनी विचारले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते : अर्ज जरूर करावा. प्रदर्शनाच्या दिवशी खुर्च्या मांडण्याचे हे काम नाही. येथे मूळ वस्तू तुमच्या हातात दिली जाते आणि तिची नोंद तुम्हाला स्वतः करावी लागते.

संग्रहात जुन्या कलाशिक्षकांची जलरंगातील निसर्गचित्रे आणि थोडी तैलचित्रे आहेत, पण मला सर्वांत मोलाचे वाटले ते चादरींच्या डिझाइनचे ग्राफ. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे आपण अभिमानाने सांगतो. ती नक्षी आधी कागदावर उतरत असे, हे मात्र फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. बारीक चौकटींच्या कागदावर एकेक चौकोन पोस्टर कलरने भरलेला असतो. उभी रांग ताण्याची म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्याची, आडवी ओळ बाण्याची म्हणजे आडव्या धाग्याची. चौकोन भरलेला असेल तेथे जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या, कार्डाला भोक पडते, भोक असेल तेथे हूक उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा धागा उठतो. बाण्याच्या एका खेपेला एक कार्ड लागते. मी पहिल्यांदा हाताळलेल्या ग्राफवर मोराच्या पिसाऱ्यातला एक चौकोन आधी लाल भरून नंतर पांढऱ्या रंगाने झाकलेला होता, आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीची छोटी फुली होती. एक चौकोन चुकला तर पिसाऱ्यात प्रत्येक आवृत्तीला तीच चूक उमटली असती. एका कोपऱ्याला खिळ्याचे भोक होते आणि त्याभोवती बोटांचा तेलकट डाग. तो कागद मागाजवळ टांगलेला असावा, असे मला वाटले.

पहिला आठवडा केवळ हाताळणी शिकण्यात गेला. कागद दोन हातांनी, खाली जाड पुठ्ठा धरूनच उचलायचा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. पातळ कागदासाठी सुती हातमोजे घालायचे नाहीत, कारण बोटांना कडा जाणवत नाही आणि कागद फाटतो. नोंद क्रमांक मऊ पेन्सिलीने मागच्या बाजूला, अगदी हलक्या हाताने लिहायचा. साठवणखोलीत शाईचे पेन नेण्यास मनाई आहे. क्रमांकाचे तीन भाग असतात : वस्तू संग्रहात आली ते वर्ष, त्या वर्षातील कितवी भेट, आणि त्या भेटीतील कितवी वस्तू. चादरीच्या नमुन्यांवर काही लिहीत नाहीत. सुती फितीवर क्रमांक घालून ती फीत सैल टाक्यांनी शिवतात. त्यानंतर स्थितीपत्रक भरायचे : फाटलेले कुठे, घडी कुठे, तपकिरी ठिपके किती, पूर्वी कोणी लावलेली चिकटपट्टी कुठे पिवळी पडली आहे. सुरुवातीला एका कागदाला मला अख्खा तास लागे. आमच्यावर देखरेख करणाऱ्या मॅडम घाई करत नसत. ‘डाग आहे’ एवढेच लिहिले तर मात्र पत्रक परत करत, आणि डाग कोणत्या कोपऱ्यापासून किती सेंटिमीटरवर आहे ते मोजून लिहायला लावत.

गुंडाळण्यासाठी मांजरपाटाचे नवे ठाण आले तेव्हाचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. आम्ही लगेच तुकडे कापायला बसलो. माझ्या जोडीदारिणीचे घर शहराच्या पूर्व भागात, वडील यंत्रमागावर काम करणारे, तिने कापड दोन बोटांत चोळले आणि म्हणाली, “मॅडम, याच्यात खळ आहे. आधी धुवायला पाहिजे.” मॅडमनी तिला सर्वांसमोर पुढे बोलावून कारण समजावून सांगायला लावले. खळ म्हणजे पिठूळ पदार्थ, आणि कसरीला तोच आवडतो. न धुतलेल्या कापडात चित्र गुंडाळणे म्हणजे कसरीला आमंत्रण देणे. सगळे ठाण गरम पाण्यातून दोनदा काढून वाळवले. डांबराच्या गोळ्याही तेथे वापरत नाहीत. त्यांची वाफ माणसाला आणि वस्तूंना दोघांनाही चांगली नाही.

उकाड्याची मात्र मनाची तयारी ठेवावी. कामाची वेळ सकाळी ८ ते १ अशी सोयीची आहे, तरी मे महिन्यात साठवणखोली अकराच्या सुमारासच तापते. सोलापुरात घरोघरी असणारा कूलर तेथे चालत नाही, कारण तो हवेत पाणी सोडतो. सकाळी आणि दुपारी आर्द्रतामापकाचा आकडा वहीत लिहिणे हे माझे काम होते. कोरड्या दिवसांत तो २५ टक्क्यांच्याही खाली जाई, आणि वळवाची एक सर येऊन गेली की पाहता पाहता चढे. कागद आणि कॅनव्हास यांना सर्वांत अपायकारक असते ते हेच झपाट्याने होणारे चढउतार : कागद फुगतो, आकसतो, आणि वरचा रंग तडकतो. आकडा ६५ च्या वर बराच काळ राहिला तर बुरशी धरते. म्हणून ग्राफ उघड्या फळीवर न ठेवता आम्लविरहित कागदात घालून बंद पेट्यांत ठेवतात. पेटीच्या आत हा बदल सावकाश पोहोचतो.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. मानधन रिक्षाभाड्याला जेमतेम पुरते आणि तेही काम संपल्यावर महिन्याने मिळाले. संगणक एकच असल्याने शेवटचा आठवडा पाळी लावून बसण्यात गेला. पण माझी खरी तक्रार नोंदीच्या नमुन्याबद्दल आहे. त्यात ‘चित्रकार’ असा एकच रकाना आहे, आणि चादरीच्या जवळजवळ प्रत्येक ग्राफपुढे तेथे ‘अज्ञात’ असे लिहिलेले आहे. हे डिझाइनर अज्ञात नाहीत. त्यांतले काही याच शहरात राहतात. त्यांच्या घरच्यांना कोणती नक्षी कोणाची हे माहीत आहे. विचारायला कोणी गेले नाही, एवढेच. निसर्गचित्राच्या कोपऱ्यात सही असते म्हणून त्याचा कर्ता नोंदला जातो आणि ग्राफवर सही करण्याची रीत नव्हती म्हणून त्याचा कर्ता वगळला जातो, हे मला मान्य नाही.

हे आम्ही मॅडमना बोलून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले, नमुना बदलणे आपल्या एकट्याच्या हातात नसल्याचे स्पष्ट सांगितले, आणि ‘शेरा’ या रकान्यात माहिती लिहिण्याची मुभा दिली. माझ्या जोडीदारिणीने पाचव्या आठवड्यात शेजारच्या एका निवृत्त डिझाइनर काकांना सोबत आणले. त्यांनी चष्मा पुसला, सात ग्राफ एकापाठोपाठ पाहिले, आणि मोराच्या ग्राफपाशी थांबून पांढऱ्या रंगाने झाकलेल्या त्या चौकोनावर, कागदाला न टेकवता, बोट धरले. “ही फुली माझीच आहे, बाळ,” एवढेच ते म्हणाले. त्या ग्राफच्या शेऱ्यात आता त्यांचे नाव आणि त्यांनी सांगितलेली हकिगत आहे. उरलेल्या सहांपैकी दोघांची नावे त्यांनी सांगितली. बाकीच्यांची विचारपूस करायला आम्हाला वेळ उरला नाही.

अर्ज मार्चमध्ये घेतात. चित्रकला यावी लागत नाही. अक्षर सुवाच्य हवे आणि एका जागी बसण्याची सवय हवी. ज्यांच्या घरी माग होता किंवा आहे, त्यांनी ते अर्जात अवश्य लिहावे.