लाल चकतीचा टायमर: चौथीतल्या मुलासोबत वापरून पाहिलेला

अभ्यासाच्या वेळी आमच्या घरी सगळ्यात जास्त वाद व्हायचा तो "अजून पाचच मिनिटं" यावरून. मुलगा चौथीत आहे, मराठी माध्यमात, परळच्या शाळेत. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही, आणि डिस्लेक्सियाही, म्हणजे वाचणं-लिहिणं अवघड जातं. पाच मिनिटं म्हणजे नेमकी किती, हे त्याला काट्यांच्या घड्याळावरून उमगत नाही, मोबाइलवरच्या आकड्यांवरून तर अजिबातच नाही. त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या) मॅडमनी सुचवलं म्हणून हा टायमर आणला. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी तो घ्यावाच, असं माझं मत झालं आहे.

पांढरी चौकोनी डबी, तबकडीवर 60 पर्यंत आकडे. मधलं बटण फिरवलं की तेवढ्या मिनिटांची लाल चकती दिसायला लागते आणि वेळ सरेल तशी ती आत सरकत जाते. शून्यावर आली की बीप. जॅन रॉजर्स या अमेरिकन आईने 1994 मध्ये आपल्या लहान मुलीसाठी असं घड्याळ बनवलं, तेच पुढे 'टाइम टायमर' नावाने विकायला आलं. मूळ कंपनीचं आपल्याकडे बरंच महाग पडतं. माझं बिननावाचं, ऑनलाइन घेतलेलं, 700 रुपयांच्या आसपास.

शुद्धलेखनाला आम्ही 10 मिनिटं लावतो. चारच ओळी. 'भ' आणि 'म' अजून एकमेकांच्या जागी येतात, वेलांट्या उलट्या पडतात, जोडाक्षर आलं की पेन्सिल थांबते. त्यात आमची चाळ लालबागची, खाली ढोलाचा सराव सुरू झाला की नजर थेट गॅलरीकडे. पण हल्ली तो मधेच मान वर करून चकती बघतो, "आई, एवढंच लाल राहिलंय" म्हणतो आणि पुन्हा वहीत डोकं घालतो. मला "लक्ष दे" म्हणावं लागत नाही. लाल संपलं की थांबायचं, ओळ अर्धी राहिली तरी. हा शब्द मी मोडत नाही, म्हणूनच त्याचा त्या चकतीवर विश्वास बसलाय. मग 5 मिनिटं उड्या मारायच्या, गॅलरीत फेऱ्या घालायच्या, आणि त्यालाही चकतीच लावायची. खेळ थांबवून परत बसणं हे त्याच्यासाठी सगळ्यात अवघड काम. ते आता रडारड न होता होतं.

मात्र हा टायमर शर्यतीसाठी वापरू नका. ओळखीच्या एका मुलीला क्लासमध्ये असाच टायमर समोर ठेवून "दोन मिनिटांत उतारा वाचून संपव" म्हणायचे. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला अक्षरं ओळखायलाच जास्त वेळ लागतो. घाई केली की ते अंदाजाने वाचायला लागतं, नाहीतर वाचायलाच नको म्हणतं. काम कधी संपणार हे मुलाला दिसावं, एवढ्यासाठीच चकती.

शाळेत वर्गशिक्षिका बाईंना विचारलं, तर त्यांनी लगेच होकार दिला. पहिल्या बाकावर भिंतीच्या बाजूला ठेवतात, बीप बंद करून. मला त्याचा पुढचाही उपयोग दिसतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणी, आहे (नुसता एडीएचडी त्या यादीत वेगळा धरलेला नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावं), आणि प्रमाणपत्र असलं की परीक्षेत जादा वेळ मिळतो. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तो तासाला किमान 20 मिनिटं धरलाय. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयांत या प्रमाणपत्रासाठीची तपासणी होते. पण 20 मिनिटं हातात पडली आणि ती किती मोठी असतात हेच मुलाला ठाऊक नसेल, तर ती सवलत कागदावरच राहील. म्हणून आम्ही आत्तापासूनच कधीकधी चकती 20 वर लावून शांतपणे एकच प्रश्न सोडवतो.

आता उणं. आवाज सहन न होणाऱ्या मुलांसाठी हे मॉडेल त्रासाचं आहे, कारण बारीक टिकटिक सतत येते. आमच्याकडे ढोलापुढे ती ऐकूच येत नाही, पण शांत घरात नक्की खटकेल. बीपचा आवाज कमी-जास्त होत नाही, फक्त चालू किंवा बंद. बटण ढिलं आहे, दप्तरात घातलं की फिरून जातं, म्हणून मी ते डब्याच्या जुन्या पिशवीत गुंडाळून देते. लहान वेळेला, म्हणजे 2-3 मिनिटांना, चकती नीट जुळत नाही. 5 च्या खाली लावूच नका. सेल सोबत येत नाही, पेन्सिल सेल लागतो. दुकानातून घेत असाल तर सेल घालून कानाशी धरून बघा, आणि बदलून देतील का ते पैसे देण्याआधी विचारा.