नदीपात्रात की नदीकाठावर? शहरातील सार्वजनिक कार्यक्रमाची जागा ठरवताना

खानदेशात नदीवरचे कार्यक्रम नवे नाहीत. श्रावणात कानबाईचे विसर्जन, कोजागरीचे दूध, चैत्रात एकविरा देवीची यात्रा, आखाजीची (अक्षय तृतीयेची) गौराई अशा निमित्तांनी गाव नदीकडे जातेच. अलीकडे त्यात गल्लीतल्या किंवा कॉलनीतल्या मंडळांच्या संध्याकाळच्या कार्यक्रमांची भर पडली आहे. कुठे कीर्तन असते, कुठे अहिराणी कवींचे संमेलन, आणि शेवटी बहुतेक ठिकाणी वरण-बट्टीची पंगत. असा बेत ठरला की पहिल्याच बैठकीत प्रश्न निघतो की मांडव कोरड्या पात्रात घालायचा की वर काठावरच्या मोकळ्या जागेत. धुळ्यात पांझरेच्या कडेने आमच्या मंडळाने दोन्ही प्रकारे कार्यक्रम केले आहेत, आणि तयारीचे बरेचसे काम माझ्याकडे असल्यामुळे दोन्हींचे गुणदोष जवळून पाहता आले. मंडप, सतरंज्या, पाण्याचे जार, पोलीस ठाण्याची परवानगी या गोष्टी वाचकांना ठाऊक आहेत असे धरून मी थेट जागेच्या निवडीकडे वळतो.

ही निवड वर्षभर उपलब्ध नसते. पावसाळ्यात पात्राचा विचार करण्याचे कारणच नाही. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराने चाळीसगावात काय केले ते सर्वांना आठवत असेल. तापीसारख्या मोठ्या नदीवर, जिथे वरच्या अंगाला 41 दरवाजांचे हतनूर धरण आहे, तिथे इतर ऋतूंतही काठच बरा. पांझरा किंवा बोरी यांसारख्या नद्यांच्या बाबतीत मात्र, कार्तिक ते वैशाख या काळात, दोन्ही पर्याय खरोखर समोर असतात.

पात्राच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. अमळनेरला संत सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात बोरी नदीच्या पात्रातच भरते, समाधीही तिथेच आहे, आणि एवढा मोठा जनसमुदाय सामावून घेणारी दुसरी जागा त्या गावात शोधूनही सापडणार नाही. पात्रात जागा अपार मिळते, रस्ता अडवावा लागत नाही, कोणाच्या दारासमोर मांडव येत नाही आणि मुले मनसोक्त धावू शकतात. कुस्त्यांची दंगल असेल, दुकाने आणि पाळणे लागायचे असतील, लोक येत-जात राहणार असतील, तर पात्राला तोड नाही. उन्हाळ्यात दिवसभर तापलेली वाळू सूर्यास्तानंतर लवकर निवते, त्यामुळे चैत्रातली संध्याकाळ तिथे सुखाची जाते. पौषात मात्र हेच उलटे होते. थंड हवा खोलगट भागात उतरून साचते आणि धुळ्याची थंडी खाली काठापेक्षा जास्त बोचते.

पात्रातल्या जमिनीविषयी थोडी सावधगिरी हवी. वाळू उपशामुळे पडलेले खड्डे दिवसा दिसतात, रात्री दिसत नाहीत; गिरणेच्या आणि तापीच्या काठच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. सुट्या वाळूत मंडपाचे खुंट धरत नाहीत, आणि चैत्र-वैशाखात दुपारी उठणारी वावटळ कापडी छत उचलून नेऊ शकते, म्हणून मांडव पाइपांचा, खाली वाळूची पोती बांधलेला असावा. पांझरेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अक्कलपाडा धरणातून उन्हाळ्यातही खालच्या गावांसाठी पाण्याचे आवर्तन सोडले जाते, त्यामुळे आज कोरडे असलेले पात्र कार्यक्रमाच्या दिवशी कोरडे असेलच असे नाही. तारीख ठरवण्यापूर्वी पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात जाऊन चौकशी करावी, आणि आदल्या दिवशी पुन्हा करावी. या सगळ्या अडचणींवर मेहनतीने मात करता येते, त्यामुळे केवळ त्यांच्यासाठी मी पात्र नाकारले नसते.

माझे मत बदलले ते आवाजामुळे. शहरातून वाहणाऱ्या नदीला आता बऱ्याच ठिकाणी दोन्ही अंगांनी दगडी किंवा काँक्रीटच्या संरक्षक भिंती आहेत, आणि त्या दोन भिंतींच्या मधे आपण कर्णे लावतो. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. भिंत 50 मीटरवर असेल तर तिच्यावर आपटून शब्द परत यायला जवळजवळ 0.3 सेकंद लागतात, आणि तेवढ्यात बोलणारा पुढच्या शब्दावर गेलेला असतो. मागच्या शब्दाचे शेपूट पुढच्या शब्दावर पडते. ढोल-ताशा किंवा बँड असेल तर हे कोणाच्या लक्षातही येत नाही, उलट आवाज भरदार वाटतो. पण कीर्तनकार ओवीचा अर्थ सोडवून सांगत असतो, किंवा कवी अहिराणीतला एखादा नेमका शब्द हलकेच ठेवत असतो, तेव्हा तोच शब्द हरवतो. एकदा मी कार्यक्रम चालू असताना शेवटच्या सतरंजीवर जाऊन बसलो, तर शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, “भाऊ, आवाज ते येस, पन काय सांगी राह्यनात ते समजत नही.” त्यानंतर पुढे येऊन बसलेल्या कित्येकांना मी हेच विचारत राहिलो आणि उत्तर साधारण तेच मिळाले. आवाज वाढवून पाहिला, तेव्हा गोंधळ वाढला.

त्यात जनरेटरची भर पडते. पात्रात विजेची तात्पुरती जोडणी मिळणे अवघड असते, म्हणून डिझेलचा जनरेटर आणावा लागतो. तो जवळ ठेवला तर त्याची घरघर सगळ्या पात्रात भरून राहते. दूर ठेवावा तर लांबच लांब केबल दमट वाळूवरून न्यावी लागते, आणि तिच्यावर मुलांचे पाय पडणार ही काळजी रात्रभर मन खाते. ‘सायलेंट’ म्हणून मिळणारे जनरेटर भाड्याने घेऊन पाहिले. फरक पडतो, परंतु दोन भिंतींच्या मधल्या शांततेत तेही ऐकू येतातच. ज्यांच्या नदीला अशा भिंती नाहीत, पात्र रुंद आहे आणि काठ हळूहळू वर चढत जातो, त्यांचा अनुभव निराळा असू शकेल. आमच्याकडे मात्र, ज्या कार्यक्रमाला लोक ऐकण्यासाठी येतात तो पात्रात नीट ऐकवता आला नाही, आणि माझ्या दृष्टीने तयारीतली बाकीची सगळी मेहनत या एका गोष्टीपुढे कमी पडते.

काठावर ही अडचण पूर्ण नाहीशी होत नाही, पण निम्म्याहून अधिक ओसरते असे मला वाटते. एक बाजू मोकळी असल्यामुळे बराचसा आवाज निघून जातो, समोरच्या तीरावरून परतणारा क्षीण होऊन येतो, आणि मधे दोन-चार निंबाची झाडे असली तर आणखी बरे. वीज महावितरणच्या तात्पुरत्या जोडणीवर घेता येते, म्हणून जनरेटर केवळ राखीव ठेवून बंद ठेवता येतो. एका मोठ्या कर्ण्यांच्या मनोऱ्याऐवजी कमी आवाजाचे चार-सहा स्पीकर प्रेक्षकांच्या कडेने लावावेत, त्यांची तोंडे प्रेक्षकांकडे किंचित खाली झुकवावीत. साउंडवाल्याला हे पटवून द्यावे लागते, कारण त्याची सवय मोठ्या आवाजाची असते. पाण्यावरून आणि उघड्या पात्रावरून आवाज लांब जातो, त्यामुळे पांझरेच्या एका काठावरचा कार्यक्रम पलीकडच्या काठावर देवपुरात झोपायला निघालेल्यांना ऐकू जाऊ नये एवढी जाणीव ठेवली पाहिजे. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम 2000 सालापासून आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे का, हे परवानगीचा अर्ज लिहितानाच पाहून घ्यावे.

पात्राविरुद्ध दुसरा मुद्दा उताराचा आहे, आणि तो मी आवाजाच्या खालोखाल मानतो. खाली जायला बहुधा एकच रस्ता असतो. त्याच रस्त्याने टँकर, मंडपाचा टेंपो, खुर्च्या आणि माणसे उतरतात, आणि कार्यक्रम संपल्यावर सगळे एकदम त्याच अंधाऱ्या चढावर येतात. गुडघे दुखणारी वडीलधारी माणसे वर कठड्याला टेकून उभी राहतात, थोडा वेळ पाहतात आणि घरी जातात. ज्यांच्या आठवणीत नदीवरच्या जुन्या यात्रा आहेत तीच मंडळी अशा रीतीने कार्यक्रमाबाहेर पडतात, हे मला फार लागते. काठावर तीच माणसे पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेली दिसतात.

काठाचे दोष झाकण्याचा माझा हेतू नाही. जागा चिंचोळी असते, पंगत दोन-तीन पाळ्यांत उठवावी लागते. नदीकाठाने रस्ते झाल्यापासून वाहनांचे हॉर्न हा नवा त्रास आहे, आणि वाहने लावण्याची सोय आधी ठरवली नाही तर तासाभरात वाद सुरू होतात. सांडपाण्याचा नाला जवळ असेल तर संध्याकाळी डास येतातच. महापालिकेला दोन दिवस आधी पत्र देऊन धुरळणी करून घ्यावी आणि वाऱ्याची दिशा बघून आचाऱ्याची चूल व पंगत नाल्याच्या उलट अंगाला ठेवावी. फिरत्या शौचालयाची मागणी त्याच पत्रात करावी, कारण गाडी काठापर्यंत येते. पात्रात ती उतरवणे जवळजवळ अशक्य असते. खर्चाच्या बाबतीत दोन्हींत मोठा फरक मला जाणवलेला नाही. पात्रात जागेचे पैसे वाचतात ते जनरेटर आणि हमालीत जातात.

नियमांच्या अंगानेही काठाकडे कल झुकतो. जलसंपदा विभागाच्या पूररेषांपैकी निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आतला भाग निषिद्ध क्षेत्र मानला जातो. एका संध्याकाळचा मांडव म्हणजे बांधकाम नव्हे, तरीही पात्रातल्या कार्यक्रमासाठी महसूल आणि पाटबंधारे या दोन्ही खात्यांकडे जावे लागते, आणि मुरूम टाकून जागा सपाट करण्याचा मोह तर पूर्ण टाळावा. मार्च 2016 मध्ये दिल्लीला यमुनेच्या पूरमैदानावर झालेल्या मोठ्या सांस्कृतिक सोहळ्याच्या आयोजकांना राष्ट्रीय हरित लवादाने 5 कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई भरण्यास सांगितले होते. आपले कार्यक्रम त्या मानाने अगदी लहान असतात, पण पत्रावळी, प्लास्टिकचे पेले आणि राख पात्रात राहिली तर पहिल्या पावसात ती पुढे मुडावदला तापीच्या संगमापर्यंत जाते. काठावर घंटागाडी सकाळी दाराशी येते, म्हणून कचरा उचलला जाण्याची खात्री अधिक असते.

म्हणून कोणी विचारलेच तर मी असे सांगतो: लोक हिंडायला, बघायला, खेळायला येणार असतील आणि संख्या मोठी असेल, तर पात्राचा विचार जरूर करावा, ऐकायला आणि एकत्र बसून जेवायला येणार असतील, तर काठ अधिक सोयीचा पडेल असे माझे मत आहे, आणि आमच्या मंडळाचा येत्या माघातला कार्यक्रम काठावरच ठरला आहे. तरी शंका राहिली तर आठवडाभर आधी, कार्यक्रमाच्याच वेळी, एक स्पीकर आणि एक माइक घेऊन दोन्ही जागी जावे. एकाने साध्या आवाजात वर्तमानपत्रातली अनोळखी बातमी वाचावी, दुसऱ्याने शेवटची रांग येईल तिथे उभे राहून ती ऐकावी आणि ऐकलेले लिहून काढावे. दोन कागद शेजारी ठेवले की निर्णय घेणे सोपे जाते.