धुळ्याच्या बंदूक मिस्त्रींकडील तपासणी: जुन्या दुनळी रायफलीचे काडतूस ठरवण्याआधी

आमच्या घरात आजोबांपासून परवान्यावर चालत आलेली एक दुनळी रायफल आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि सातपुड्यातली शिकार संपली, ते योग्यच झाले. पण इतक्या निगुतीने घडवलेले हत्यार कायम कपाटात पडून राहावे, हेही मनाला पटत नव्हते. अधिकृत रेंजवर, तिला मानवेल अशा काडतुसावर ती पुन्हा चालावी, एवढीच इच्छा होती. त्यासाठी धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांमधील, दुरुस्तीचा रीतसर परवाना असलेल्या एका मिस्त्रींकडून तिची संपूर्ण तपासणी करून घेतली. काम अत्यंत समाधानकारक झाले, आणि अशी रायफल घरात असणाऱ्या प्रत्येकाने काडतुसाचा विचार करण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

यापूर्वी एका मोठ्या शहरातील विक्रेत्याने परवान्यावरचा बोअर, म्हणजे नळीचे माप, वाचून, रायफल हातातही न घेता, सव्वातीन इंची काडतुसे मागवून देण्याची तयारी दाखवली होती. धुळ्याच्या मिस्त्रींनी मात्र पहिल्याच भेटीत सांगितले, "नाना, आधी बंदुकीला विचारू, मग काडतुसाचं बघू." .४५०/.४०० या नावाची काडतुसे मुख्यतः दोन प्रकारची आहेत, एक सव्वातीन इंची आणि दुसरे जेफ्री कंपनीचे तीन इंची. दोन्हींचा खांदा, म्हणजे काडतूस मानेकडे निमुळते होते तो भाग, वेगळ्या ठिकाणी येतो, गोळीचा व्यासही किंचित निराळा असतो, आणि एकाचे काडतूस दुसऱ्याच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, चालत नाही. परवान्यावर नुसते '.४००' लिहिलेले असले, तर त्यावरून काहीही ठरत नाही.

मोजमापाची त्यांची पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. नळीत चेंबरच्या थोडे पुढे कापडाचा घट्ट बोळा बसवून त्यांनी वितळलेला गंधक चेंबरमध्ये ओतला, तो थिजल्यावर मागे ढकलून काढला आणि त्या पिवळ्या ठशाची लांबी, खांदा व मान मायक्रोमीटरने मोजली. चेंबर तीन इंची निघाले. मग मऊ शिशाची गोळी दोन्ही नळ्यांतून स्वतंत्रपणे ठोकून पार केली आणि नळीतल्या पिळाच्या तिच्यावर उमटलेल्या आट्यांवरून नळीचा खरा व्यास घेतला, कारण हाताने घडवलेल्या जुन्या रायफलींत दोन नळ्या अगदी सारख्या असतीलच असे नाही. नळ्यांच्या खालच्या बाजूचे प्रूफचे, म्हणजे दाबचाचणीचे, शिक्के त्यांनी भिंगाखाली वाचले: बर्मिंगहॅमचे नायट्रो, म्हणजे धूरविरहित दारूचे, प्रूफ, कॉर्डाईट या तशाच दारूचे वजन आणि ४०० ग्रेन, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम वजनाची गोळी. केवळ काळ्या दारूचे प्रूफ निघाले असते, तर नायट्रोचे काडतूस तिच्यात घालणे जिवावर बेतले असते.

त्यानंतर नळ्या सुट्या करून दोरीला टांगल्या आणि लाकडाच्या ठोकळ्याने हलकेच वाजवल्या. देवळातल्या घंटेसारखा लांब नाद आला, म्हणजे दोन नळ्यांमधल्या पट्ट्यांचे झाळकाम अजून शाबूत आहे. ते सुटले असते, तर आवाज बद्द आला असता. नळ्या मिटतात त्या जोडाला दिव्याची काजळी धरून, रायफल मिटून पुन्हा उघडून, धातू कुठे टेकतो हेही त्यांनी मला समोर बसवून दाखवले. चेंबरपुढच्या भागात काडतुसांच्या जुन्या क्षारयुक्त टोप्यांमुळे (प्रायमरमुळे) पडलेले बारीक चट्टे आहेत. ते वाढलेले नाहीत आणि घासून काढण्याच्या भानगडीत पडू नये, हा त्यांचा सल्ला मला पटला.

तपासणीचा खरा उपयोग कळतो तो रेग्युलेशन, म्हणजे दोन नळ्यांच्या नेमाचा मेळ, समजून घेतल्यावर. दुनळीच्या दोन नळ्या समांतर नसतात. तोंडाकडे त्या किंचित जवळ आणून झाळलेल्या असतात. उजवी नळी उडते तेव्हा धक्क्याने रायफल वर आणि उजवीकडे सरकते, आणि हे सरकणे गोळी नळीत असतानाच सुरू झालेले असते. कारागिराने तो हिशेब धरून एका ठरावीक काडतुसावर, बहुधा ५० ते १०० यार्डांच्या दरम्यानच्या अंतरासाठी, दोन्ही गोळ्या एकत्र पडतील असा मेळ बसवलेला असतो. गोळीचा वेग कमी पडला तर ती नळीत जास्त वेळ राहते आणि उजवी उजवीकडे, डावी डावीकडे अशा गोळ्या फाकतात. वेग जास्त झाला तर त्या एकमेकींना ओलांडतात. म्हणून अशा रायफलीसाठी वेग वाढवणे हे ध्येय नसून, मूळ वेगाशी जुळणे हे ध्येय आहे. चाचणीच्या वेळी नळ्या कठीण टेकूवर ठेवू नयेत, हात मध्ये धरावा, हेही मिस्त्रींनी बजावले, कारण मेळ हातातल्या धक्क्यावर बसवलेला असतो.

उन्हाळ्याचा मुद्दा खानदेशातल्या माणसाला वेगळा सांगायला नको. कॉर्डाईटचा दाब उष्णतेने वाढतो, म्हणून ब्रिटिश कारखाने हिंदुस्थानासाठी कमी दारूची काडतुसे भरत. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याखाली ठेवलेली किनॉक या ब्रिटिश कंपनीची जुनी काडतुसे वापरण्याचा मोह कोणी धरू नये.

काडतूस भरून देण्यास मिस्त्रींनी साफ नकार दिला आणि तो योग्य होता. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. वरणगावच्या कारखान्यात छोट्या शस्त्रांचा दारूगोळा बनतो खरा, पण तो लष्करी बोअरचा. तीन इंची काडतुसे इंग्लंडमध्ये किनॉकच्या नावाने आणि अमेरिकेत हॉर्नाडीची निघतात. हॉर्नाडीची ४०० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २०५० फूट वेगाने जाते. आता परवानाधारक आयातदाराशी बोलताना माझ्या हातात मोजमापांचा कागद आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. मिस्त्री एकटेच काम करतात, त्यामुळे खोळंबा होतो. अहवाल हाताने लिहिलेला मिळतो, त्यात छायाचित्रे नसतात, आणि गंधकाचा ठसा मागितल्याशिवाय देत नाहीत. तो अवश्य मागून घ्यावा, मात्र गंधक थिजल्यावर काही काळाने आकारात किंचित बदलतो, म्हणून मापे तिथेच लिहून घ्यावीत. जाताना मूळ परवाना सोबत न्यावा, कारण छायाप्रतीवर ते रायफल ठेवून घेत नाहीत.