बीराउटरवर नागपूरबाहेरचे ग्रुप-मार्ग : पावसाळा ते उन्हाळा, वापरानंतरचा अनुभव

एकट्याला नागपूरबाहेर सायकल काढायची तर मार्ग आखावा लागत नाही. काटोल रोड धरायचा, जमेल तेवढं जायचं, वळून यायचं. पंधरा-वीस जण एकत्र निघाले की गोष्ट बदलते. प्रत्येक उजवं वळण, दुभाजकातला प्रत्येक कट आणि सगळ्यांना एकदम उभं राहता येईल अशी प्रत्येक जागा आधीच ठरवावी लागते. या कामासाठी पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत बीराउटर हे नकाशावर सायकलमार्ग आखायचं साधन वापरलं, त्याचा हा अनुभव. मत आधीच सांगतो : रेषा काढायला इतकं चांगलं फुकट साधन दुसरं सापडलं नाही. पण ती रेषा ग्रुपच्या कामाची व्हायला तासभर हाताने काम करावं लागतं, आणि मोटारसायकलवरून एक रेकी लागतेच.

बीराउटर ब्राउझरमध्ये चालतं, खातं उघडावं लागत नाही. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून भरलेला खुला नकाशा. सुरुवात आणि शेवट यांवर टिचकी मारली की रेषा येते, ती बोटाने ओढून बदलता येते, आणि शेवटी मार्गाची फाइल (जीपीएक्स) उतरवता येते. नेटवर्क नसताना फोनवरच मार्ग काढायचा असेल तर त्याचा विदा (डेटा) पाच-पाच अंशांच्या चौकोनांत मिळतो. नागपूरसाठी ई७५-एन२० हा एकच चौकोन पुरतो, कारण त्यात ७५ ते ८० पूर्व रेखांश आणि २० ते २५ उत्तर अक्षांश एवढा भाग येतो. रामटेक, उमरेड, काटोल, सावनेर, सगळं त्यातच.

खरी ताकद प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोणत्या प्रकारचे रस्ते निवडायचे हे ठरवणाऱ्या पर्यायांमध्ये आहे. ‘ट्रेकिंग’ प्रोफाइल लहान, कमी रहदारीचे रस्ते शोधतं. ‘फास्टबाइक’ डांबरी आणि मोठ्या रस्त्यांकडे झुकतं. आमची पद्धत अशी : तेच थांबे ठेवून दोन्ही प्रोफाइलवर मार्ग काढायचा आणि दोन रेषा जिथे फुटतात तेवढ्याच जागा उपग्रहाच्या चित्रावर मोठ्या करून पाहायच्या. बाकीचा मार्ग सहसा बिनधोक असतो. जिथे फुटतात तिथे ट्रेकिंगने एखादा गावरस्ता सुचवलेला असतो, आणि तो खरंच डांबरी आहे की पांदण (शेतातली मातीची वाट), हे चित्र पाहिल्याशिवाय कळत नाही.

पांदणीचा हा मुद्दा विदर्भात सगळ्यात महत्त्वाचा. ग्रामीण भागातल्या बऱ्याच रस्त्यांना नकाशात पृष्ठभागाची नोंदच नसते. नोंद नसली आणि रस्ता गावरस्ता म्हणून दाखवलेला असला, की सॉफ्टवेअर तो बरा असल्याचं गृहीत धरतं. जानेवारीत अशा पांदणीवरून हायब्रिड सायकल आरामात जाते. जुलैत तिथे काळी माती असते. ती टायरला थरावर थर चिकटते, चिमट्यात आणि ब्रेकमध्ये भरते, आणि चाक फिरायचंच थांबतं. अशा वेळी सायकल ढकलताही येत नाही, उचलावी लागते. म्हणून जून ते ऑक्टोबर फास्टबाइकचीच रेषा घ्या, त्यातही पृष्ठभागाची नोंद नसलेला एक किलोमीटरही तपासल्याशिवाय ठेवू नका. मार्गाच्या तुकड्यांचा तक्ता बीराउटर खाली दाखवतं. त्यात प्रत्येक तुकड्याचा रस्ता-प्रकार आणि पृष्ठभाग वाचता येतो. हा तक्ता बहुतेक जण उघडतच नाहीत.

नागपूर शहरातून बाहेर पडणं हा वेगळा विषय. इथे अडचण उड्डाणपुलांची. मार्ग काढणारं कोणतंही साधन पूल आणि त्याखालचा रस्ता यांत किंमत मोजून निवड करतं, आणि पूल सरळ असल्यामुळे बऱ्याचदा तोच निवडला जातो. सदरच्या पुलावर किंवा कामठी रोडच्या नव्या दुमजली पुलावर वीस सायकली चढल्या आणि एकाची चेन उतरली, तर थांबायला जागा नाही, मागून येणारी गाडी वेगात. पुलाच्या सुरुवातीला वर्ज्य क्षेत्राचा (जिथून मार्ग जाऊ नये अशा भागाचा) गोल टाकायचा, की रेषा आपोआप खालून जाते. गोल फार मोठा काढला तर खालचा रस्ताही बंद होतो, म्हणून तो लहान ठेवा, रॅम्पपुरता. फोनच्या जीपीएसला आपण पुलावर आहोत की खाली हे नीट कळत नाही, त्यामुळे अशा ठिकाणी पुढच्या माणसाने आवाजी सूचनेवर जाऊ नये, मार्ग पाठ असावा.

शहरातलं दुसरं संकट सिमेंट रस्त्यांचं. दोन स्लॅबमधली लांबीच्या दिशेची फट, आणि स्लॅब व कडेचे गट्टू यांच्यातली खाच, यांत २५ किंवा २८ मिलिमीटरचं टायर अडकतं. नकाशा हे कधीच सांगणार नाही. ग्रुपमध्ये रोडबाइक असतील तर त्यांना कडेला चिकटून चालवायला सांगू नका. स्लॅबच्या मधून चालवू द्या, आणि पहाटे रहदारी नसतानाच शहर ओलांडा.

आता एक मार्ग उलगडून दाखवतो, कारण साधनाचे गुण-दोष त्यातच कळतात. सिव्हिल लाइन्समधल्या जपानी गार्डनपासून निघून कोराडी, सावनेर, अदासा, धापेवाडा, कळमेश्वर, फेटरी आणि काटोल नाक्यावरून परत. एकूण ८० ते ८५ किमी, थांब्यांच्या आत-बाहेर जाण्यावर थोडं कमी-जास्त. बहुतेक जण हा फेरा काटोल रोडने सुरू करतात, कारण तो बाहेर पडायला सोपा वाटतो. आमचा आग्रह उलट दिशेचा. आपण डावीकडून चालवतो, म्हणून डावी वळणं स्वस्त आणि उजवी महाग. कोराडीकडून गेलात तर सावनेरला डावीकडे, कळमेश्वरलाही डावीकडे. मोठ्या रस्त्यावर वाहतूक कापून उजवीकडे जावं लागत नाही. काटोल रोडने सुरू केलं तर याच दोन जागी वीस जणांना रस्ता ओलांडावा लागतो, आणि ग्रुप तिथेच तुटतो.

दुसरं कारण ट्रकचं. सावनेर रोडच्या पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत, कोराडी आणि खापरखेड्याला औष्णिक वीज केंद्रं आहेत, त्यामुळे जड वाहनं कायमचीच. हा टप्पा उजाडताच, रविवारी, ताज्या पायांनी उरकलेला बरा. दहा वाजता उन्हात, थकलेल्या ग्रुपला घेऊन तिथून परत येणं हा वाईट पर्याय. तिसरं कारण वारा. मार्चनंतर पश्चिमेकडचा वारा वाढतो. कळमेश्वरहून नागपूरकडे आग्नेयेला येताना तो पाठीला लागतो, आणि शेवटच्या वीसेक किलोमीटरांत हाच फरक मोठा. एक तोटा आहे तो सांगायला हवा : याच शेवटच्या टप्प्यात सकाळचं ऊन समोरून येतं. समोरच्या वाहनचालकाला तुम्ही नीट दिसता, पण मागून येणाऱ्याच्या डोळ्यांतही तेच ऊन असतं. मागचे लाल दिवे दिवसासुद्धा लुकलुकते ठेवा.

बीराउटरमध्ये मार्ग उलटा करायची सोय आहे, पण उलटा केल्यावर तो पुन्हा मोजला जातो. दुभाजक आणि एकेरी रस्ते असल्याने नवी रेषा जुनीची आरशातली प्रतिमा नसते. उलटवल्यावर शहरातला भाग परत पाहा.

सणवार नकाशावर नसतात, ते तुम्हीच धरायचे. नवरात्रात कोराडीच्या जगदंबेच्या गर्दीत सायकलींचा ग्रुप नेऊ नये. अदाशाच्या गणपतीला अंगारकीला आणि तिळी चतुर्थीला, धापेवाड्याला आषाढीच्या सुमारास यात्रा असते. कापूस वेचणीनंतर जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, संत्र्याच्या हंगामात काटोल-कळमेश्वरकडचे छोटे ट्रक, हेही लक्षात घ्या. प्रधानमंत्री ग्रामसडकेची रुंदी बहुधा ३.७५ मीटर. कापसाने फुगलेली ट्रॉली आली तर बाजूला एक सायकलसुद्धा जेमतेम मावते. अशा रस्त्यावर जोडीने चालवायचं नाही.

वेळेचा अंदाज साधनावर सोडू नका. पडद्यावर दिसतो तो एकट्या, न थांबणाऱ्या स्वाराचा वेळ. आमचं प्रमाण : २०० किमीच्या बीआरएमला (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किमीच्या आसपास. मिश्र ग्रुपसाठी याहून जास्त धरू नये. ८५ किमीला पावणेसहा तास. जानेवारीत सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो, साडेसहाला निघून साडेबाराला पोहोचलात तरी त्रास नाही. हाच फेरा एप्रिलमध्ये काढू नये. एप्रिल-मेमध्ये पाचला निघून साडेआठला घरी, म्हणजे ५० किमीच्या आतले मार्ग : कळमेश्वर जाऊन-येऊन, किंवा हिंगण्याकडून झिलपी तलाव. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) ग्रुप-राइड ठेवूच नये, हे आमचं ठाम मत.

चढाचे आकडे मैदानी भागात फार मनावर घेऊ नका. उंचीचा विदा अवकाशातून केलेल्या मोजणीतून येतो, त्यात झाडांचे शेंडे आणि बांध मिसळतात, उलट उड्डाणपुलांचा चढ येतच नाही. नागपूरच्या आसपास पाय थकतात ते चढाने कमी, वारा, ऊन आणि खडबडीत डांबराने जास्त.

फाइल तयार झाल्यावरच्या अडचणी वेगळ्या. आम्ही ती ऑसमअँड या नकाशाच्या फोन-ॲपमध्ये लावतो. फेऱ्याची सुरुवात आणि शेवट एकाच जागी असेल तर ॲप कधी कधी निघताक्षणीच मुक्काम आल्याचं समजतं, म्हणून मार्ग दोन फाइलींत तोडा : जपानी गार्डन ते सावनेर, आणि सावनेर ते जपानी गार्डन. भरकटल्यावर मार्ग पुन्हा मोजण्याची सेटिंग बंद करा. नाहीतर ज्याच्या फोनमध्ये जुना नकाशा आहे त्याला वेगळाच रस्ता मिळतो आणि चौकात वाद सुरू होतो. पाणी, संडास, पंक्चरवाला आणि सरकारी रुग्णालय या खुणा बीराउटरमध्येच टाकल्या की त्या फाइलसोबत येतात. व्हॉट्सॲपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, लिंक म्हणून नाही. लिंक उघडली की मार्ग नव्याने मोजला जातो.

तरीही प्रत्येकाच्या खिशात कागदी पट्टी हवी. त्यावर चार रकाने : किलोमीटर, वळण, ओळखीची खूण, पुढचा थांबा. तळाशी १०८ आणि पुढच्या-मागच्या दोघांचे नंबर. उन्हात फोनचा पडदा मंद होतो, तापून बंद पडतो. कागदाला हा त्रास नाही. घामाने भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला.

थांबे साधारण २० किमीवर, आणि थांबा म्हणजे टपरीच असं नाही. निकष असा : रस्त्याच्या डाव्या हाताला, डांबरापासून पूर्ण बाहेर, वीस सायकली उभ्या राहतील इतकी जागा. पेट्रोल पंपाची कडेची जागा, देवळाचं पटांगण, बसथांब्याची मोकळी बाजू चालते. उजव्या हाताच्या हॉटेलात कितीही चांगले पोहे मिळत असले तरी ते सोडा. सावनेरला नाश्ता बरा, पण ५० किमी बाकी असताना पोह्यांवर तर्री नको, पुढच्या तासात छातीत जळजळते. पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर, मार्चपासून एका बाटलीत ओआरएस.

ग्रुप सहा ते आठच्या तुकड्यांत, दोन तुकड्यांत साधारण २०० मीटर अंतर, म्हणजे ट्रकला ओलांडून मध्ये यायला जागा मिळते. वळणावर तुकडीतला एक जण उभा राहतो आणि मागची तुकडी दिसल्यावरच हलतो. शेवटचा माणूस अनुभवी, आणि पंप त्याच्याकडे.

पंक्चर नक्की होणार, कारण आपल्याकडे बाभळीचे काटे. रस्त्याकडेची झुडपं छाटल्यानंतरचे काही आठवडे सगळ्यात वाईट. महामार्गाच्या साइडपट्टीवर फुटलेल्या ट्रक-टायरच्या तारा असतात, त्या बारीक आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून तार शोधली नाही तर पाच किलोमीटरवर नवी ट्यूबही पंक्चर होते. प्रत्येकाकडे आपल्या मापाची एक ट्यूब, तुकडीत एक पंप, टायर-लिव्हर तीन, सोल्यूशन, पॅच आणि चेनचा क्विक-लिंक. गावातल्या सायकल दुकानात साध्या सायकलीचा व्हॉल्व्ह असतो. प्रेस्टा (बारीक, लांब व्हॉल्व्हची) ट्यूब तिथे मिळेल असं धरून चालू नका, पण पितळी अडॅप्टर जवळ असला तर त्यांच्या पंपाने हवा भरता येते.

राइडवरून आल्यावर पाहिलेल्या रस्त्यांचा पृष्ठभाग ओपनस्ट्रीटमॅपवर भरा. डांबरी, सिमेंट, मुरूम, माती, एवढंच निवडायचं असतं, खातं फुकट आहे. बीराउटरच्या वेबवरच्या मार्गांत तो बदल काही दिवसांत दिसायला लागतो. फोनवर उतरवलेला चौकोन मात्र आपणहून बदलत नाही, तो प्रत्येक ऋतूच्या सुरुवातीला पुन्हा उतरवून घ्यावा लागतो.